पूजेतला कॉम्प्युटर

ग्वाल्हेरच्या दौलतगंजात शांताताई पिसाळांना न ओळखणारा माणूस म्हणजे एक तर नवा भाडेकरू, नाहीतर आयुष्यात कधी सुई न टोचून घेतलेला भाग्यवान. कंपू भागातल्या इस्पितळात, ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली. सर्जनसाहेबांनी हात पुढे केला की त्यावर काय ठेवायचं ते शांताताईंना विचारावं लागत नसे. मान वर न करता त्या कात्री ठेवत, चिमटा ठेवत, कापसाचा बोळा ठेवत. निवृत्त झाल्या तरी सवय सुटली नाही. घरी कुणी सहज हात पुढे केला तरी ह्या त्यावर काहीतरी ठेवणारच, काही नाही तर गूळ-शेंगदाणे.

जीभ मात्र फटकळ, अगदी मिरचीचा ठेचा! गल्लीतली पोरं त्यांना टरकून असत, आणि त्याच पोरांना ताप चढला की त्यांच्या आया पहिल्यांदा धावत ते शांताताईंच्या जिन्याकडे. यजमान जयसिंहराव लवकर गेले. मुलगा सूर्याजी याला त्यांनी रात्रपाळ्या करून वाढवला, शिकवला, सिंचन खात्यात उपअभियंता झालेला पाहिला आणि मग शालिनी नावाची सून घरात आणली. सून आणली आणि फसल्या. फसल्या म्हणजे काय, तर त्यांना ती पोटच्या पोरीहून आवडायला लागली. पण हे कबूल करतील त्या शांताताई कसल्या!

शालिनीला आईबाप नव्हते. थोडे दिवस झाशीच्या मामांकडे, थोडे बीना गावच्या काकांकडे, मग पुन्हा दुसऱ्या मामांकडे, अशी ती वाढली होती. कुणाच्या घरी आपलं ओझं वाटू नये म्हणून ती पावलंसुद्धा हलकी टाकायची. लग्नानंतरचे पहिले कितीतरी महिने तिनं आपले कपडे कपाटात ठेवलेच नव्हते, बॅगेतच घडी करून ठेवायची. शांताताईंनी एक दिवस ती बॅग उचलली, रिकामी केली आणि खालच्या बांगडीवाल्याला देऊन टाकली. "घरात बॅग दिसली की मला पाहुणे आल्यासारखं वाटतं," एवढंच म्हणाल्या.

सगळं बरं चाललं होतं. पण सरकारनं मध्य प्रदेशाचे दोन केले. छत्तीसगड वेगळं झालं, आणि कचेऱ्यांमधून खुर्च्या, कपाटं, जीपगाड्या आणि माणसं यांची वाटणी सुरू झाली. कुणाला भोपाळ, कुणाला रायपूर. सूर्याजी रायपूरच्या वाट्याला गेला. तो म्हणाला, "आई, तूही चल." शांताताईंनी कंबरेवर हात ठेवले.

"मी? ह्या घरात मी नवरी म्हणून आले, आता इथून चौघांच्या खांद्यावरच जाईन. तुमच्या सरकारला वाटण्या करायच्या तर कर म्हणावं. माझी वाटणी कुणी करायची नाही!"

सूर्याजी एकटाच गेला. शालिनीचा इंदरगंजात कॉम्प्युटरचा वर्ग चालू होता, तो पुरा झाला की तीही जाणार असं ठरलं. त्या दिवसापासून शांताताई दिवस मोजायला लागल्या. पोरगी जाणार. दुपारी चहा एक कप करावा लागणार. संध्याकाळी जिन्यावर ती हलकी पावलं वाजणार नाहीत. हे सगळं मनात, आणि तोंडात काय? तर, "कधी जातेस ग रायपूरला? तुझ्या त्या डब्यानं माझी अर्धी खोली अडवून ठेवलीय!"

डबा म्हणजे सूर्याजीनं मागं ठेवलेला कॉम्प्युटर. त्याच्यावर शांताताईंची एवढीच सत्ता होती की दुपारी जेवण झालं की त्या त्याच्यावर पत्ते खेळत. "मेल्यानं गुलाम लपवून ठेवलाय" असं त्या पडद्याला सुनवत असत.

पुढच्या नवरात्रात एक वेगळीच गोष्ट घडली. शालिनीच्या वर्गाचे चालक रघुनाथराव यांना एक शिकवणारी बाई हवी होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर ते नवा वर्ग काढणार होते. एकाच यंत्रात विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली कशा बसवायच्या, हवी तेव्हा हवी ती कशी उघडायची, हे तिथं शिकवायचं होतं. त्यांची अट सरळ होती. "ज्यानं घरचं मशीन स्वतःच्या हातानं दोन्हींवर चालवून दसऱ्याला सकाळी इथं आणून दाखवलं, नोकरी त्याची. पुस्तकातलं मला नका सांगू."

शालिनी घरी येऊन म्हणाली, "आई, हे जमलं ना, तर मतलब... मला इथंच नोकरी लागेल. रायपूरला लगेच जावं नाही लागणार."

शांताताई पोळी लाटत होत्या. पोळीचा भारताचा नकाशा झाला. "माझे पत्ते राहतील का त्यात?" त्यांनी विचारलं. आवाज कसाबसा सरळ ठेवला होता.

"राहतील ना. म्हणून तर दोन्ही ठेवून राहिले."

अष्टमीला शालिनी कामाला बसली. आधी जुन्या प्रणालीतलं सगळं सामान डिस्कच्या एका बाजूला सरकवायचं होतं, म्हणजे दुसरी बाजू मोकळी होईल. पडद्यावर बारीक रंगीत चौकोन हळूहळू सरकत होते. शांताताई शेजारी स्टूल घेऊन बसल्या. "हे बरंय," त्या म्हणाल्या, "आपण गाद्या सारून पाहुण्याला जागा करतो तसंच." मग शालिनीनं फ्लॉपी घालून डिस्कचे दोन भाग केले. एक जुन्याचा, एक नव्याचा. इथपर्यंत छान झालं. पुढं मात्र तिच्या हातून चूक झाली. सुरू होताना मशीननं आधी कुठल्या भागात बघायचं याची खूण तिनं जुन्याऐवजी नव्या, रिकाम्या भागावर लावली. मशीन बंद करून सुरू केलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली आणि सगळं तिथंच थांबलं. नवी प्रणाली अजून आत उतरली नव्हती आणि जुनीकडे मशीन बघायलाच तयार नव्हतं.

शालिनीचा चेहरा उतरला. नवमीला सकाळीच ती इंदरगंजात रघुनाथरावांना विचारायला पळाली. घाईत मशीन तसंच चालू राहिलं.

आता नवमी म्हणजे खंडेनवमी. पिसाळांच्या घरात हा दिवस साधासुधा नव्हता. मूळपुरुष तलवार घेऊन दक्षिणेतून इकडं आले, त्यामुळं तलवारीची पूजा. तलवार कधीच कुठंतरी गेली, पण पूजा राहिली. मग ज्याच्या जिवावर घर चालतं ते सगळं पाटावर मांडायचं: विळी, कात्री, शिवणाचं मशीन, सूर्याजीची मोजपट्टी, शांताताईंचे इस्पितळातले जुने चिमटे. आणि एकदा पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत उचलायचं नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची. नवी नवरी असताना शांताताईंनी एका नवमीला कोथिंबिरीसाठी विळी उचलली होती, तर सासूबाई दिवाळीपर्यंत त्यांच्याशी धड बोलल्या नव्हत्या. त्यानंतर आजवर एकदाही नियम मोडला नव्हता.

यंदा शांताताईंनी विचार केला, पोरीची नोकरी ह्या डब्यावर अवलंबून, तेव्हा मुख्य मान ह्यालाच. डबा दसऱ्याच्या सकाळीच उचलून न्यायचाय, हे त्या भरात त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांनी डबा ओल्या फडक्यानं पुसला. हळद-कुंकू लावलं. झेंडूची माळ घातली. गंध लावताना बोट कुठल्याशा बटणाला लागलं, आणि घर्रर्र आवाज करत डब्यातून एक तबकडी पुढे आली. अगदी हात पुढे करावा तशी.

झालं! आयुष्यभर पुढे आलेल्या हातावर काहीतरी ठेवायची सवय. शांताताईंनी मान वर न करता त्यावर अक्षता ठेवल्या, झेंडूच्या पाकळ्या ठेवल्या, नैवेद्याला चिमूटभर साखर ठेवली, आणि नमस्कार केला. तबकडी थोडी ढकलल्यावर आपोआप आत गेली. देवीनं नैवेद्य घेतला म्हणून बाई केवढ्या खूश! डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. "आई, पोरीला यश दे," त्या म्हणाल्या, आणि खरं तेही म्हणाल्या, "तिला इथंच राहू दे."

शालिनी आली ती आनंदात. "सर बोलले काही बिघडलं नाहीये! सीडीवरून मशीन सुरू करायचं, नवी प्रणाली उतरवायची, मग ती खूणपण ठीक होते. बस्स, सीडी लावायची—" आणि बोलण्याच्या नादात माळेकडे लक्ष न देता तिनं बटण दाबलं. आतून दळण दळल्यासारखा आवाज आला. तबकडी थोडी बाहेर आली आणि अडकली. फटीतून एक कुंकवाचा तांदूळ टुपकन जमिनीवर पडला.

"आई," शालिनी हळूच म्हणाली, "ह्यात काय आहे?"

शांताताईंनी सांगितलं. सांगता सांगता त्यांना समजत गेलं की आपण काय करून बसलो. आणि गंमत बघा, पोरीनं चिडायला नको? ओरडायला नको? ती हसली. "राहू द्या आई. पूजा तर झाली ना. असंही आता उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाहीये. मी सरांना सांगून येते, दुसऱ्या कुणाला घ्या. रायपूरला काय, तिथंपण वर्ग असतीलच."

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावायला लागली. हलक्या पावलांनी. कुणाला त्रास नको म्हणून सगळं गिळून टाकायची तिची जुनी रीत. शांताताईंना ते ऐकून रागच आला. आधी पोरीचा आला, मग स्वतःचा. हिला कुणी काही मागायला शिकवलंच नाही, आणि मी एवढी तोंडाळ, मी तरी कुठं कधी तोंड उघडून काही मागितलं!

त्या पाटासमोर जाऊन बसल्या. नियम मोडायचा तर तो कुणासाठी, हा प्रश्न होता. पोरीसाठी म्हणावं, तर तिच्या नोकरीत आपला किती स्वार्थ हे देवीला काय माहीत नव्हतं? आणि नियम पाळून गप्प बसावं, तर पोरगी उद्या-परवा बॅग भरणार, तीही नवी विकत घेऊन, कारण जुनी आपणच देऊन टाकलेली. शांताताईंनी हात जोडले.

"आई, खरं सांगते. ह्यात माझा स्वार्थ आहे. पण पोरीचंही भलं आहे. सासूबाई वर भेटल्या की मी बघून घेईन. तू फक्त रागावू नकोस."

त्यांनी हातात अक्षता घेतल्या, पाटावर वाहिल्या आणि एक दिवस आधीच उत्तरपूजा करून प्रत्येक वस्तू जागची जराशी हलवली. झाली पूजा पुरी. मग आपले जुने चिमटे उचलले, स्पिरिटची बाटली आणि कापूस आणला, आणि हाक मारली, "शालिनी! कुकर बंद कर आणि इकडं ये. डब्याचे स्क्रू काढायला पेंचकस कुठं ठेवायचा ग सूर्याजी?"

शालिनी दारात येऊन उभी राहिली. पाटाकडे बघितलं, चिमट्याकडे बघितलं. ह्या घरात नवमीला विळीसुद्धा उचलत नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं. "आई, पण तुमचा नियम..."

"माझा नियम आहे ना? मग मी बघते काय करायचं ते. तू डबा उघड."

मशीनची तार काढली. तबकडीखालच्या बारीक भोकात सेफ्टीपिन सरळ करून घातली तशी ती निमूट बाहेर आली. सीडी चालवणारी ती पेटी शालिनीनं डब्यातून सोडवली, झाकण उघडलं, टॉर्च धरला. शांताताईंनी चष्मा लावला. दोघींची डोकी एकमेकींना टेकली होती. एक-एक दाणा चिमट्यानं वेचून वाटीत टाकायचं काम सुरू झालं. साखर विरघळून चिकटली होती, ती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. मधल्या भिंगाला हात लावताना शालिनी म्हणाली, "आई, इथं एकदम हळू. ओरखडा नाही पडायला पाहिजे."

"ऑपरेशन थिएटरात मला कुणी हळू म्हणायचं धाडस केलं नव्हतं," शांताताई म्हणाल्या. पण हात हळूच चालवला.

पेटी परत बसवली. सीडी घातली. घर्र झालं, थांबलं, पुन्हा घर्र झालं, आणि काळ्या पडद्यावर अक्षरं पळू लागली. शालिनीनं शांताताईंचा दंड घट्ट धरला होता, ते तिच्याही लक्षात नव्हतं. पुढं बराच वेळ नवी प्रणाली आत उतरत राहिली. मधे दुसरी सीडी घातली. ऊन गच्चीवरून निघून गेलं. रोजची बिजली जाण्याची वेळ झाली तशी शांताताईंनी चक्क पंखा आणि दिवा बंद करून टाकला, जणू त्यानं वीज वाचून त्या डब्याच्या वाट्याला येणार होती. शालिनी हसली, पण तिनंही रेडिओ बंद केला.

बिजली गेली नाही. मशीन शेवटी आपणहून बंद होऊन सुरू झालं, आणि पडद्यावर एक छोटी पाटी आली. दोन ओळी. कुठलं उघडू, असं विचारत होती. शालिनीनं पहिली ओळ निवडली, लिनक्स उघडलं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू, दुसरी ओळ, विंडोज उघडलं, आणि त्यात शांताताईंचे पत्ते जागच्या जागी. शालिनी खुर्चीवरून उठली आणि सासूच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. "अग वेडे, चालू झालंय ते, बिघडलं नाहीये," म्हणत शांताताईही रडल्या.

दसऱ्याला सकाळी दोघी सवारीच्या टेम्पोत बसून इंदरगंजात गेल्या. डबा शांताताईंच्या मांडीवर, हळद-कुंकवासकट. रघुनाथरावांनी दोन्ही प्रणाली उघडून बघितल्या, दोन-चार आडवेतिडवे प्रश्न विचारले, आणि म्हणाले, "वर्ग तुमचा. पण हे कुंकू पुसू नका, राहू द्या."

घरी आल्या आल्या शांताताईंनी रायपूरला फोन लावला. सूर्याजी खूप खूश झाला. शाब्बास म्हणाला, पेढे वाट म्हणाला. मग थोडा थांबून, अगदी लहानपणच्या आवाजात म्हणाला, "मग आई, ती आता इकडं येणार नाही का?" फोन ठेवला तरी तो आवाज कानातून जाईना. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि पेढे आणायला काही त्या उठल्या नाहीत.

संध्याकाळी शमीची पानं देवापुढं ठेवली. शालिनी पाया पडली आणि तिथंच बसून राहिली. "आई, नोकरी तर लागली. आता तुम्ही सांगा. राहू की जाऊ?"

'मला काय विचारतेस, तुझं तू बघ' हे शांताताईंच्या ओठावर तयार होतं. त्यांनी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मला तू इथं हवी आहेस. तू गेलीस तर मी रोज दारात बसून राहीन, खोटं का बोलू? पण तिकडं तो एकटा आहे. तोही माझाच आहे ग. मी तुला राहा म्हणते तेव्हा त्याच्या ताटातलं काढून घेतल्यासारखं वाटतं. आता तूच सांग मी काय करू."

शालिनीनं देवापुढची शमीची पानं सारखी केली. "आई, मामांकडून निघाले, काकांकडून निघाले, दरवेळी सगळे म्हणायचे, नीट जा, पोहोचल्यावर कळव. जाऊ नकोस असं मला कुणी बोललंच नाही कधी." तिनं डोळे पुसले. "मी नोकरी घेते. यांची बदली इकडं करायची खटपट करू आपण. झाली तर अच्छाच आहे. नाहीच झाली, तर रायपूरला जाऊ. पण आपण दोघी. तुम्हाला इथं ठेवून मी एकटी जाणार नाही. सांगून ठेवते."

हुकूम होता तो. ह्या पोरीनं दिलेला पहिला. शांताताईंनी तोंड उघडलं. ग्वाल्हेर, नवरी, चौघांचे खांदे, सगळं भाषण तयार होतं. त्यांनी खोलीभर एकदा नजर फिरवली, पलंगावरच्या ग्वाल्हेरी थंडीच्या जाडजूड रजईवर ती थांबली.

"रायपूरला थंडी कितपत पडते ग?"

"फार नाही म्हणतात."

"मग ह्या रजया कशाला वाहून न्यायच्या," शांताताई म्हणाल्या.